विश्लेषण : निकाल पाहून शाळेला अनुदान देण्यास महात्मा फुले यांचा विरोध का होता?

यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी (ता. महागाव) हे गाव ऑगस्ट २०२१ मध्ये देशभरातील बातम्यांमध्ये आले होते. आठवीपर्यंत शिकलेल्या आणि वेल्डिंगच्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुणाने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर तयार केले. त्याची चाचणी घेताना पाते तुटले आणि त्यात त्याचा जीव गेला. त्याच्या जिद्दीची, अपघाताची खूप चर्चा झाली. शिकण्याची एवढी ओढ असलेला मुलगा शाळेच्या कोणत्या गुणपत्रिकेत दिसला असता, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

हा प्रश्न नवा नाही. मुलांच्या परीक्षेचे निकाल पाहून शाळेचे मोल ठरवावे का, या मुद्द्यावर महात्मा जोतिराव फुले यांनी १८८२ मध्ये सरकारपुढे लेखी मत मांडले होते. फुले यांचे चरित्र सहसा मुलींची पहिली शाळा, सत्यशोधक समाज आणि ‘गुलामगिरी’ यांच्या अंगाने सांगितले जाते. परीक्षा, निकाल आणि शिक्षणाची गोडी याविषयीचे त्यांचे म्हणणे मात्र कमी जणांना ठाऊक आहे. ते काय होते आणि आज त्याचा काय संबंध आहे, हे समजून घेऊ.

जोतिरावांचे स्वतःचे शिक्षण कसे झाले?

जोतिरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुढे पुण्यात फुलांच्या व्यवसायामुळे फुले हे नाव रूढ झाले. जोतिराव वर्षाचे होण्याआधीच आई चिमणाबाई वारल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना सांभाळले.

वडील गोविंदरावांनी मुलाला पंतोजींच्या शाळेत घातले. मात्र, माळ्याच्या मुलाला शिकवून काय उपयोग, असा सल्ला मिळाल्याने त्यांनी त्याला शाळेतून काढले. मुलगा शेतात, बागेत राबू लागला. दिवसभर काम करून रात्री दिव्याच्या उजेडात तो वाचत बसे. त्याची ही ओढ शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोघांनी पाहिली. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. १८४७ मध्ये त्यांचे इंग्रजी शिक्षण पूर्ण झाले.

म्हणजे मधली काही वर्षे हा मुलगा शाळाबाह्य होता. त्या काळात त्याच्या शाळेची परीक्षा झाली असती, तर पटावर तो नसता आणि निकालातही नसता. शेजाऱ्यांनी लक्ष घातले नसते, तर पुढचे काहीच घडले नसते. पुढे शिक्षणाविषयी बोलताना फुले यांनी शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला सतत केंद्रस्थानी ठेवले. त्याची मुळे या अनुभवात शोधता येतात.

फुले परीक्षेच्याच विरोधात होते का?

नाही. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. घरातून आणि समाजातून विरोध वाढला. १८४९ मध्ये या दाम्पत्याला वडिलांचे घर सोडावे लागले. तरीही १८५१ मध्ये आणखी शाळा निघाल्या. १८५२ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांसाठी शाळा सुरू झाली. १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा निघाली.

या शाळांच्या परीक्षा होत आणि त्या जाहीरपणे होत. फेब्रुवारी १८५२ मध्ये मुलींची जाहीर परीक्षा झाली. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतिरावांचा शाल देऊन सरकारी सत्कार झाला. पुढच्या वर्षीची परीक्षा पाहायला मोठी गर्दी लोटली होती. मुली शिकू शकत नाहीत, असे मानणाऱ्या शहरात मुली सर्वांसमोर वाचून दाखवत होत्या, हिशेब करून दाखवत होत्या. ती परीक्षा म्हणजे समाजाला दिलेले उत्तर होते. मुलगी चुकली म्हणून शिक्षकाचा पगार कापला जात नव्हता.

याच शाळांतील मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. शिकल्यामुळे मुलीला स्वतःच्या जगण्याविषयी प्रश्न विचारता येऊ लागले, याचा तो पुरावा होता. असा पुरावा वाचन, लेखन, गणिताच्या तक्त्यात मांडता येत नाही.

निकालाप्रमाणे अनुदान म्हणजे नेमके काय होते?

१८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण आले. अनुदान कशाच्या आधारे द्यायचे, असा प्रश्न होता. इंग्लंडमध्ये १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने नवी नियमावली लागू झाली. तिच्यानुसार शाळेला मिळणाऱ्या रकमेचा मोठा भाग मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, गणित या तीन विषयांतील परीक्षेवर अवलंबून होता. निरीक्षक वर्षातून एकदा येई, एकेका मुलाची परीक्षा घेई आणि उत्तीर्ण मुलांच्या हिशेबाने पैसे मिळत. सरकारी पैशाचा मोबदला मोजून घेण्याचा हा सरळ मार्ग वाटत होता.

१८६० च्या दशकात मुंबई इलाख्यातही हीच पद्धत अनुदानासाठी आली. प्रत्येक इयत्तेचे मोजमाप ठरलेले, प्रश्नांची पातळी ठरलेली आणि उत्तीर्णांच्या संख्येवर शाळेची कमाई ठरलेली. आज आपण ज्याला प्रमाणित चाचणी म्हणतो, तिचे हे जुने रूप होते.

या पद्धतीचे परिणाम काय झाले?

इंग्लंडमध्ये ते लवकर दिसू लागले. ज्या विषयांना पैसे नाहीत, ते मागे पडले. निरीक्षक जे पुस्तक वाचायला लावणार, तेच मुलांकडून घोकून घेतले जाऊ लागले. मुले पान न बघता धडा म्हणत, पण दुसरे पुस्तक हाती दिले की अडखळत. कवी आणि समीक्षक मॅथ्यू अरनॉल्ड हे स्वतः शालेय निरीक्षक होते. या पद्धतीमुळे शाळेतील शिकवणे यांत्रिक झाल्याची टीका त्यांनी अहवालांतून सातत्याने केली. अखेर १८९० च्या दशकात इंग्लंडने ही पद्धत मोडीत काढली.

हे का घडते, हे शिक्षकाच्या जागी उभे राहिले की कळते. उत्पन्न उत्तीर्ण मुलांवर ठरणार असेल, तर घरात आधीपासून अक्षरओळख असलेले मूल फायद्याचे ठरते. पेरणीत, कापणीत शाळा बुडवणारे मूल तोट्याचे ठरते. नव्या गावात शाळा काढून पहिली दोन-तीन वर्षे निकालाशिवाय काढणे तर परवडतच नाही. शिक्षक वाईट असण्याची गरज नाही. पैशाचा नियमच त्याला ठरावीक मुलांकडे ढकलतो.

हंटर आयोगापुढे फुले यांनी काय मांडले?

लॉर्ड रिपन यांच्या काळात फेब्रुवारी १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. ऑक्टोबर १८८२ मध्ये फुले यांनी आयोगाला इंग्रजीत निवेदन दिले. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि पुणे नगरपालिकेचे सदस्य अशी दिली.

त्यांची मुख्य तक्रार पैशाच्या वाटपाबद्दल होती. सरकारचा महसूल मोठ्या प्रमाणात शेतकऱ्यांच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, असे त्यांनी दाखवून दिले. इलाख्यातील दहापैकी नऊ गावांत प्राथमिक शिक्षणाची सोय नाही, असे सांगितले जात असल्याची नोंद त्यांनी केली. किमान १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यांनी मांडली.

निकालाप्रमाणे अनुदान देण्याच्या पद्धतीवर त्यांचा आक्षेप थेट होता. गरीब आणि शिक्षणापासून दूर राहिलेल्या लोकांमध्ये शिक्षण पसरवायला ही पद्धत उपयोगाची नाही, कारण त्यांच्यात शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अशा लोकांमध्ये निकालाच्या भरवशावर शाळा काढायला कोणी शिक्षक तयार होणार नाही, कारण त्यावर त्याचे पोट भरणार नाही. म्हणून ही गोडी निर्माण होईपर्यंत तेथे सरकारी शाळा आणि खास उत्तेजन लागेल, असे त्यांनी सुचवले.

यातील क्रम महत्त्वाचा आहे. आधी शाळा, मग गोडी आणि त्यानंतर निकाल, असा तो क्रम आहे. सरकारी पद्धत आधी निकाल मागत होती आणि नंतर शाळेला पैसे देत होती.

शिष्यवृत्ती आणि तपासणीबद्दल त्यांचे मत काय होते?

सरकारी शिष्यवृत्त्या स्पर्धेतून देण्याबाबतही फुले यांनी सावध केले होते. स्पर्धा तत्त्वतः न्याय्य दिसते, पण तिचा फायदा ज्यांच्यात शिक्षण आधीच रुजले आहे त्यांनाच होतो आणि इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. ज्या वर्गांत शिक्षणाची प्रगती झालेली नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, असे त्यांनी सुचवले. गुरे राखायला आणि शेतात काम करायला मुले लागतात म्हणून गरीब शेतकरी त्यांना शाळेत पाठवत नाहीत, हे त्यांना माहीत होते. त्यामुळे सहामाही किंवा वार्षिक बक्षिसांची शिफारसही त्यांनी केली. बक्षिसामागचा हेतू मुलांना शाळेकडे ओढण्याचा होता.

वर्षातून एकदा निरीक्षक येऊन जाण्याने शाळेचे फारसे भले होत नाही, असे त्यांचे मत होते. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि काही भेटी आगाऊ न कळवता द्याव्यात, असे त्यांनी सांगितले.

शिक्षक कसा असावा, हेही त्यांनी मांडले. तो शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला, प्रशिक्षित असावा. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये आणि तो सामान्य लोकांत सहज मिसळावा. त्याचा पगार किमान १२ रुपये आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये असावा. अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध लिपीतील वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचाही समावेश असावा.

परीक्षेचे दार कोणाला उघडे असावे, याविषयीही ते बोलले. खासगीरीत्या अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसू देण्याचे त्यांनी स्वागत केले आणि ही सवलत वरच्या परीक्षांनाही मिळावी, असे सुचवले. ज्याला शाळेत जाता आले नाही, त्याला आपले ज्ञान सिद्ध करण्याची संधी परीक्षेने द्यावी, ही त्यामागची भूमिका दिसते.

आयोगाने त्यांचे म्हणणे ऐकले का?

अर्धवट. आयोगाने प्राथमिक शाळांचे अनुदान बऱ्याच अंशी निकालावर ठेवण्याची शिफारस कायम ठेवली. मात्र, मागास भागांतील आणि विशेष परिस्थितीतील शाळांसाठी अपवाद करून वेगळे नियम लावता येतील, असेही म्हटले. सक्तीच्या शिक्षणाची मागणी बाजूला पडली. १९०४ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या काळातील शिक्षणविषयक ठरावात निकालावर पैसे देण्याच्या पद्धतीचे दोष सरकारने मान्य केले आणि ती मागे पडली. फुले यांच्या निवेदनाला तोपर्यंत २२ वर्षे झाली होती.

हे पाहायला जोतिराव हयात नव्हते. निवेदनानंतरच्या वर्षी, १८८३ मध्ये त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केले. शिक्षणाचा अभाव आणि शेतकऱ्याची दैना यांचा संबंध त्यांनी त्यात उलगडला. ११ मे १८८८ रोजी मुंबईत जाहीर सभेत त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले आणि पुस्तक १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. साठी ओलांडलेला माणूस दुसऱ्या हाताने पुन्हा अक्षरे गिरवतो, यात ते ज्या गोडीविषयी बोलत होते ती दिसते.

सक्तीचे शिक्षण मराठी मुलखात हळूहळू आले. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागापासून सुरुवात केली आणि १९०६ मध्ये संस्थानभर ते लागू केले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये पाऊल उचलले. देशभरातील मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

आज त्याचा काय संबंध?

शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही नापास करू नये, अशी तरतूद केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना दिली आणि महाराष्ट्राने ती वापरली. शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदय विद्यालयाची निवड चाचणी, संकलित चाचण्या, राष्ट्रीय सर्वेक्षणे असे मोजमापाचे अनेक प्रकार आज शाळांमध्ये आहेत. त्यांतील काही मुलाची निवड करतात, तर काही केवळ व्यवस्थेचा अंदाज घेतात.

हा फरक विसरला की काय होते, हे अमेरिकेत दिसले. तेथे २००२ मध्ये लागू झालेल्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी सक्तीची केली आणि मागे पडणाऱ्या शाळांवर कारवाईची तरतूद केली. अनेक शाळांत या दोन विषयांपलीकडचा वेळ आक्रसला. अटलांटा शहरात तर शिक्षक आणि मुख्याध्यापकांनीच उत्तरपत्रिकांत फेरफार केल्याचे उघड झाले. २०१५ मध्ये तो कायदा बदलण्यात आला.

चाचणीचा उपयोग वेगळ्या हेतूनेही होऊ शकतो. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली, ती कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी. मुलांना कायमचे वर-खाली लावण्यासाठी तिचा वापर पुढे इतरांनी केला.

फुलसावंगीसारख्या गावात हा प्रश्न कसा दिसतो?

फुले यांनी निवेदन दिले, तेव्हा आजचा यवतमाळ जिल्हा मुंबई इलाख्यात नव्हता, वऱ्हाडात होता. पण त्यांनी वर्णन केलेली परिस्थिती येथे अनोळखी नाही. पुसद, महागाव, उमरखेड भागातील तांड्यांवरून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. मुले सोबत जातात आणि काही महिन्यांनी परततात. कापूस वेचणीच्या दिवसांतही वर्ग रिकामे होतात.

अशा मुलांची चाचणी घेतली की गुण कमी येणार. त्या आकड्याचा उपयोग दोन प्रकारे होऊ शकतो. हे मूल कुठे अडले आहे, हे पाहून त्याला जास्तीचा वेळ, जास्तीचा शिक्षक, हंगामी वसतिगृह देता येते. किंवा शाळेची सरासरी खाली आली म्हणून शाळेला दोष देता येतो. दुसरा मार्ग धरला, तर शिक्षकाच्या नजरेत ते मूल ओझे ठरते. ते पुन्हा शाळेत आले नाही, तर निकाल उलट सुधारतो. फुले यांनी १८८२ मध्ये ज्या धोक्याकडे बोट दाखवले, तो हाच होता.

मग पालकांनी आणि शाळेने काय पाहावे?

परीक्षा टाळून चालणार नाही. शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या परीक्षांनी खेड्यांतील कित्येक मुलांना पुढची वाट दाखवली आहे आणि वाचता न येणारे मूल पाचवीत पोहोचले, तर ते कळलेच पाहिजे. पण निकालाच्या जोडीला आणखी काही गोष्टी विचारता येतात. पटावरील किती मुले परीक्षेपर्यंत टिकली? बाहेरगावी गेलेली मुले परत आल्यावर त्यांच्यासाठी काय केले? शाळेत पाठ्यपुस्तकाबाहेरची पुस्तके मुलांच्या हाती पडतात का? सराव प्रश्नसंच सोडवण्यात आठवड्यातील किती तास जातात आणि काहीतरी स्वतः करून पाहण्यात किती? ग्रामसभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हे प्रश्न कोणताही पालक विचारू शकतो. समितीत पालकांचे बहुमत असावे, अशी कायद्याचीच तरतूद आहे.